दहा सशांचा परवाना

दिपालीने चटईवर पालथं पडून एअर रायफलचा दस्ता खांद्यात बसवला आणि दुर्बिणीतून खुराड्याकडे पाहिलं. शाळेने कधीकाळी सशांसाठी बांधलेली ती लाकडी खोली होती. छप्पर एका अंगाला बसलं होतं, जाळी गंजून फाटली होती. खोलीच्या मागे डोंगर कापून काढलेली मातीची उभी भिंत होती. नेम चुकलाच तर छर्रा त्या मातीत जिरावा, म्हणून ही जागा ठरली होती.

"अजून पाच मिनिटं," शेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेले कामाता-सान म्हणाले. "पाचला वाजतं. मग येतात."

"काय वाजतं?"

म्हाताऱ्याने हनुवटीने मैदानाच्या कडेच्या खांबाकडे खूण केली. खांबावर नगरपालिकेचा भोंगा होता.

कामाता-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गावातल्या शिकारी मंडळाचे प्रमुख. मंडळात आता चौघेच उरले होते आणि चौघांनीही हे काम नाकारलं होतं. गुडघे गेलेत हो त्यांचे, असं नगरपालिकेतल्या बाईंनी सांगितलं होतं. कायद्याने सोबत कुणीतरी जाणतं हवं, म्हणून कामाता-सान तेवढे आले होते, नारिंगी जाकीट घालून, बंदूक न घेता.

टोकियोहून इथवर यायला अडीच तास लागत. आठ वर्षांपूर्वी गावातली मुलं संपली आणि शाळा बंद झाली. शेवटच्या दिवशी कुणीतरी सशांना सोडून दिलं. पुढे टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या मराठी मंडळींच्या क्रिकेट क्लबला हे मैदान शनिवार-रविवारसाठी मिळालं. चाळीस कुटुंबं इथे डबे घेऊन यायची, कारण चेंडू लांब गेला म्हणून कुणाची माफी मागावी लागणार नाही, असं त्यांना ठाऊक असलेलं हे एकच मैदान होतं. गेल्या हिवाळ्यात झेल घ्यायला धावणाऱ्या अनिशचा पाय सशाच्या बिळात गेला आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. नगरपालिकेने कळवलं, सशांचा बंदोबस्त करा, नाहीतर पुढच्या मोसमापासून मैदान बंद.

तेव्हा क्लबच्या बैठकीत तिचा नवरा जयेश म्हणाला होता, "आमच्या दिपालीकडे लायसन्स आहे की."

सगळ्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. बैठकीच्या त्या हॉलमध्ये बारा वर्षं ती येत होती, पण तिच्या हातच्या पोह्यांखेरीज दुसऱ्या कशासाठी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिलं गेलं. कोल्हापुरात ती दोनदा राज्यस्तरावर रौप्यपदक मिळवून आली होती, हे जयेशने सांगितल्यावर टाळ्याही पडल्या. दिपालीने तोवर फक्त कागदावर नेम धरला होता. शिकारीची वेगळी परीक्षा तिने उन्हाळ्यात दिली, जाड छर्ऱ्याची दुसरी बंदूक घेतली आणि सप्टेंबरात परवाना हातात पडला. पहिल्या खेपेला दहा ससे. सूर्यास्तानंतर गोळी झाडायची नाही.

भोंगा वाजला. लहान मुलांच्या गाण्याची संथ चाल होती ती. अंधार पडायच्या आत घरी परता, असं मुलांना सांगणारी. या गावात ती कुणासाठी वाजत होती कोण जाणे. चाल संपायच्या आत ससे आले.

ते उड्या मारत आले नाहीत, गवताला तोंडही लावलं नाही. खुराड्यामागून एकेक बाहेर आला आणि समोरच्या मोकळ्या जागेत येऊन बसला. पांढरे, तपकिरी, एक ठिपक्यांचा. एका ओळीत, सारख्या अंतरावर. सगळ्यांची तोंडं तिच्याकडे.

"असेच बसतात?" तिने कुजबुजत विचारलं.

"असेच बसतात."

पहिल्या सशाला तिने मनातल्या मनात मराठीत सांगितलं, माफ कर बाबा. मग चाप ओढला. फुसकन् एक आवाज झाला आणि ससा कुशीवर कलंडला. आता बाकीचे उधळतील, म्हणून ती थांबली. कुणी हललं नाही. शेजारच्याने फक्त एक कान वळवला.

"एक," कामाता-सान म्हणाले.

दुसऱ्याचीही तिने माफी मागितली. तिसऱ्याची मागायची राहून गेली.

चौथ्यानंतर तिच्या ध्यानात आलं, ओळीत कुठेच खिंडार नाही. मारलेले चौघे मागे कुशीवर पडलेले दिसत होते आणि ओळ होती तशीच होती, सारख्या अंतराची. नवे कधी आले, हे तिने पाहिलं नव्हतं. दुर्बिणीतून एका वेळी दिसतं तरी किती, असं तिने स्वतःला समजावलं आणि पाचवा छर्रा भरला.

मग हात आपोआप चालू लागले. एकोणीस वर्षांत संसार, व्हिसा, शाळेच्या मीटिंगा, कचरा टाकायचे ठरलेले वार, यांतून जे हरवलं असं तिला वाटत होतं, ते सगळं जागच्या जागी होतं. नेम धरायचा नसतो, येऊ द्यायचा असतो, असं कोल्हापुरात नेमबाजी शिकवणारे जगदीश सर म्हणायचे. तो येत होता. आजूबाजूचा डोंगर, शाळा, थंड पडत चाललेली चटई, सगळं विरघळून एक लहानसा स्वच्छ गोल तेवढा उरला होता आणि त्या गोलाच्या मधोमध एक शांत डोळा होता. सहा. सात. दस्त्याला टेकलेला गाल वर ओढला गेला, तेव्हा तिला कळलं की आपण हसतो आहोत.

"दहा," कामाता-सान म्हणाले.

तिने छर्रा भरला.

"दिपाली-सान. दहा झाले."

शेजारच्या घरात कुणीतरी बोलावं, तसं ते तिला ऐकू आलं. ठिपक्यांचा ससा आता मधोमध बसला होता. त्याला तिने शेवटासाठी ठेवला होता, हेही तिला आत्ताच कळत होतं. तिचं बोट चापावर टेकलं आणि गोल काळा झाला.

कामाता-सानांनी दुर्बिणीच्या तोंडावर तळहात धरला होता.

"हात काढा," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. तो आवाज आपला आहे, हे तिला पटकन ओळखता आलं नाही. जयेशशी भांडतानाही तिचा असा आवाज कधी लागला नव्हता.

म्हाताऱ्याला शब्द कळले नसतील. पण त्यांनी हात काढला नाही. दोघंही तसेच राहिले. डोंगराआड सूर्य गेला, गवतावरचं ऊन पुसलं गेलं, तेव्हा ससे एकेक करून उठले आणि घाई न करता खुराड्यामागे गेले. शेवटी ठिपक्यांचा गेला.

कामाता-सानांनी छर्रा काढून घेतला आणि मगच तिला उठू दिलं.

दोघांनी मिळून खड्डा खणला. दहाही सशांना एकाच जागी छर्रा लागला होता, डोळ्याच्या किंचित मागे. रक्त जवळजवळ नव्हतंच. फावडं मातीत रुतेना, तशी दिपाली मध्येच खाली बसली.

"गुडघे दुखत नाहीत ना तुमचे?" तिने विचारलं. विचारायचं दुसरंच काही होतं.

"नाही. चौघांचेही बरे आहेत." त्यांनी माती लोटली. "मला बाराची परवानगी होती. सहा वर्षांपूर्वी. मी सतरा मारले."

"मग?"

"घरी गेलो, पोटभर जेवलो. इतकी गाढ झोप कित्येक वर्षांत लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनलाच येऊन बसलो." ते फावड्यावर रेलून उभे राहिले. "बायकोने बंदूक काढून टाकायला लावली. खरं काय ते मी तिला सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही."

"हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही हसला असता," कामाता-सान म्हणाले. "मीसुद्धा हसलो होतो."

त्या रात्री दिपालीला गाढ झोप लागली.

क्लबच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. नगरपालिकेच्या बाई खूश होत्या. आणखी दहा मारले तर मैदान पुढचं सबंध वर्ष तुमचं, असं त्यांनी कळवलं. जयेशने परवान्याचा नवा अर्ज छापून जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

"एक सही कर फक्त. बाकीचं मी भरलंय."

"बघते."

"बघते काय, दिपा? सगळे तुझ्या भरवशावर आहेत."

मंगळवारी संध्याकाळी कामाता-सानांचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलणं झालं.

"रोज येतात अजून," ते म्हणाले. "पाचला. पण आता खुराड्यापाशी बसत नाहीत. फाटकाजवळ येऊन बसतात. रस्त्याकडे तोंड करून."

"कशासाठी?"

"ते मला काय माहीत? तुम्हाला सांगावंसं वाटलं."

बुधवारी दिपाली फुनाबोरीतल्या ऑफिसात होती. विमा कंपनीच्या त्या शाखेत ती भारतीय ग्राहकांचे फॉर्म पाहायची. पाच वाजले, टोकियोतलाही भोंगा वाजला. त्याची चाल वेगळी होती. हातातला फॉर्म पुरा करून तिने मान वर केली, तेव्हा ती खुर्चीत नव्हती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीशी उभी होती. खाली सिग्नलला एक बाई सायकल घेऊन थांबली होती. पुढच्या टोपलीत कांद्याची पात, निळं जाकीट, मानेवर सैल बांधलेले केस. दिवा हिरवा व्हायची वाट पाहत ती अगदी स्थिर उभी होती.

साठ मीटर, दिपालीच्या मनात आलं. वारा डावीकडून.

दिवा हिरवा झाला आणि बाई निघून गेली. दिपालीने दोन्ही तळवे काचेवर टेकले. काच गार होती. मागून शेजारच्या टेबलावरच्या सुलेखाने विचारलं, "काय गं, काय बघतेस एवढं?"

"काही नाही," ती म्हणाली.

गुरुवारी तिने सुट्टी घेतली. जयेश कामावर गेल्यावर तिने कपाट उघडलं, दोन्ही बंदुका पिशव्यांत घातल्या, कुलपं लावली आणि टॅक्सी करून पोलीस ठाण्यात गेली. परवाने पाहणारे अधिकारी तिला ओळखत होते. दर वर्षीच्या तपासणीला तेच असत. त्यांनी पिशव्या ठेवून घेतल्या, परवान्याची वही उघडली आणि एक फॉर्म पुढे केला.

"दोन्ही सोडता आहात? जुनीसुद्धा?"

"हो."

"परत मिळवायचं म्हटलं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

त्यांनी पेनाने एका रकान्यावर टिचकी मारली. तिथे कारण लिहायचं होतं. दिपाली त्या रिकाम्या चौकोनाकडे पाहत राहिली. मदत करावी म्हणून अधिकारी जरा पुढे झुकले. बरेच लोक वय झालं म्हणून सोडतात, असं ते म्हणाले. कुणाची नजर अधू होते, कुणाचे हात थरथरतात.

"नेम लागत नाही का आता?" त्यांनी सौम्यपणे विचारलं.

"लागतो," दिपाली म्हणाली, आणि तिने तेवढंच लिहिलं.