नंदीचा तांदूळ

निशीचा अभ्यास आमच्या पिठाच्या गिरणीत चालतो. घरात टीव्ही आहे आणि गिरणीत नुसता आवाज, म्हणून हा नियम मीच केला. पण त्या आवाजाची एक गंमत मला उशिरा कळली. चक्की एकसारखी घुमायला लागली की माणसाला गुंगी येते. गिऱ्हाईक दाराशी उभ्या उभ्या पेंगतं, आणि माझी लेक पुस्तकात बघता बघता पुस्तकाच्या पलीकडं निघून जाते.

तिसरीची घटक चाचणी होती. विषय, आपला कोल्हापूर जिल्हा. गड, नद्या, धरणं, पिकं, शाहू महाराजांनी काय काय केलं, सगळं. निशी गव्हाच्या पोत्यावर मांडी घालून बसायची, पिठानं पापण्या पांढऱ्या व्हायच्या, आणि मी डबे चढवता-उतरवता ओरडून प्रश्न विचारायचे.

"राधानगरीचं धरण कुठल्या नदीवर?"

"भोगावती."

"आजऱ्याचा वासाचा तांदूळ?"

"घनसाळ!" हे तिला झोपेत विचारलं तरी येतं. तिचे पप्पा एसटीवर ड्रायव्हर आहेत. नाव सम्राट आणि राज्य एका स्टिअरिंगवर. चंदगडच्या गाडीवर ड्युटी असली की वाटेत आजऱ्यात ओळखीच्या घरून घनसाळचं पोतं टाकून आणतात. रोजच्या जेवणाला आमच्याकडं दुसरा भात शिजत नाही.

"पंचगंगेच्या पाच नद्या सांग."

"कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आनि सरस्वती. मम्मी, सरस्वती गुप्त हाय म्हंजे कुठं हाय?"

"गुप्त म्हंजे दिसत न्हाय. चल पुढं."

पुढं चालतेय कुठली! पोत्यावरून उतरली, फरशीवर पालथी पडली आणि जमिनीला कान लावला. "हितं वाजतंय," म्हणाली. मी म्हटलं, मोटर आहे ती. तर मला मोटर बंद करायला लावली. मीही खुळी, केली बंद. चक्की हळूहळू थांबली, पट्ट्याची फटफट थांबली, आणि हवेतलं पीठ दारातल्या उजेडात तरंगत सावकाश खाली यायला लागलं. निशी डोळे मिटून तशीच पडून होती. "अजून वाजतंय," ती हळूच म्हणाली. खरं सांगते, मलाही काहीतरी ऐकू आल्यासारखं वाटलं. मी लगेच बटण दाबलं.

आमची गल्ली शुक्रवार पेठेत, नदीच्या अंगाला आहे. गिरणीच्या भिंतीवर माझ्या खांद्याच्याही वर एक मातकट रेघ आहे, ती एकवीस सालच्या पुराची. दोनदा रंग काढला, तरी पावसाळ्यात ओल धरून ती पुन्हा उमटते. त्या पुरात निशीला मी पोटाशी धरून नावेतून बाहेर काढली होती. चक्कीत चिखल भरला तो भरलाच, पण पोर त्यानंतर कितीतरी दिवस आंघोळीच्या बादलीलाही घाबरायची. त्यामुळे जुलै उजाडला की आमच्या गल्लीत कोणी कोणाला 'कसं काय' म्हणत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 'किती फूट झालं' तेवढंच विचारतात.

चाचणीच्या त्या आठवड्यात पाणी इशाऱ्याच्या पातळीला टेकलं होतं. वाटेत रस्त्यावर पाणी आल्यामुळे सम्राटची गाडी चंदगडातच अडकली होती. मी एकटी, गिरणी चालू, पुस्तक चालू, आणि तेवढ्यात बाळाबाई आज्जी तांदळाचं दळण घेऊन आल्या. ह्या आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात. दळण होईपर्यंत त्यांनी निशीची सगळी उत्तरं ऐकून घेतली आणि तोंड वाकडं केलं.

"त्यात रंकाळ्याच्या नंदीचं हाय का न्हाय?"

"न्हाय," निशी म्हणाली.

"मग कसला जिल्हा लिवलाय? आयिक पोरी. रंकाळ्याचा नंदी रोज एक गहू पुढं सरकतोय आनि एक तांदूळ मागं येतोय. असं सरकत सरकत ज्या दिशी अंबाबाईच्या देवळाला पोचंल, त्या दिशी जगबुडी. माझ्या आज्जीनं सांगितलंय."

आणि डबा काखेत मारून त्या गेल्या. अशा माणसांचं बरं असतं. जगबुडी सांगायची आणि गरम पीठ घेऊन घरी जायचं.

निशी त्यानंतर पुस्तकात डोकं घालून बसली. मला वाटलं, अभ्यास करतेय. दुसऱ्या दिवशी पुस्तक हातात दिलं तर तिनं ते मिटून पोत्यावर ठेवलं.

"मी पेपर देत न्हाय."

"का? ताप आलाय?"

"जिल्हा लिहून काय करायचाय? जिल्हा बुडनार हाय."

माझा पारा चढला. माझा चढायला वेळ लागत नाही, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी हात उगारला, तेव्हा तिनं तिची मूठ उघडून माझ्यासमोर धरली. तळहातावर एक गहू आणि एक तांदूळ होता, घामानं चिकटलेले.

"मी मोजलो," ती म्हणाली. आमच्या कोल्हापुरात पोरीसुद्धा 'मोजलो, आलो, गेलो' असंच बोलतात, बाई शाळेत कितीही ओरडू देत. "गहू लांब हाय आनि तांदूळ आखूड हाय. म्हंजे नंदी रोज पुढंच चाललाय. पानी पन वाढायलंय. त्यो जवळ आला आसंल, मम्मी."

उगारलेला हात मला खाली कसा घ्यायचा ते कळेना. ती भिंतीवरच्या रेघेकडं बघत होती. मला रडू फुटणार होतं. मी उगाच पट्ट्यावर ओरडले, चक्की बंद केली, शटर ओढलं आणि पोरीला स्कूटरवर बसवलं. बघूनच येऊ म्हटलं, कुठं पोचलाय तो.

रंकाळ्यावर संध्याकाळ उतरली होती. भुरभुर चालली होती, आणि पाणी कुठं संपतं, आभाळ कुठं सुरू होतं ते समजत नव्हतं. पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात लांबच लांब सुटले होते. भेळवाले गाड्यांवर प्लास्टिक टाकून बसले होते, पण कोणी कोणाला हाक मारत नव्हतं. सगळा तलाव जणू आमच्या गिरणीसारखा बारीक घुमत होता.

नंदी आपल्या जागी बसला होता. काळा, मोठा, भिजल्यासारखा चकचकीत. त्याच्या डोळ्यांत कसलीही घाई नव्हती. निशी त्याच्याभोवती फिरली, वाकून त्याच्या खुरांपाशी बघितलं, मग पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"गरम हाय," ती म्हणाली. "चालून आलाय."

दगड उन्हानं तापतो गं, असं मी सांगणार होते. पण त्या दिवशी ऊन पडलंच नव्हतं. मीही हात ठेवला. गाभण म्हशीच्या कुशीला हात लावल्यावर लागते तशी ऊब लागली. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, आणि मला वाटायला लागलं की आपण सरकतोय, नंदी जागच्या जागी आहे आणि काठ, दिवे, भेळेच्या गाड्या, आम्ही, सगळेच एका गव्हाएवढे पुढं चाललोय.

घरी आल्यावर निशी जेवेना. तिच्यासमोर ताटात भात होता, आखूड, गोल, वासाचा. त्या भाताकडं बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी उठले, फळीवरचं बिर्याणीच्या तांदळाचं पाकीट फोडलं आणि एक दाणा तिच्या गव्हाशेजारी ठेवला.

"बघ आता."

तिनं डोळे अगदी जवळ नेले. बासमतीचा दाणा गव्हाच्या पुढं गेला होता.

"तू मोजलीस तो घनसाळ. त्यो आखूडच असतोय. नंदी ह्या तांदळाएवढा मागं येत असंल तर? म्हंजे त्यो अंबाबाईपासनं रोज लांबच चाललाय की!"

तिचा चेहरा उजळला. चार घास गेलेही पोटात. मी मनात म्हटलं, संयोगिताबाई, तुमच्यासारखी हुशार तुम्हीच. आणि पाचवा घास हातात धरून पोर थांबली.

"पन मम्मी, नंदी कोल्हापूरचा हाय."

"मग?"

"त्यो बासमती कशाला घेईल? त्यो घनसाळच घेनार की."

आता ह्यावर बोला! माझ्याच घरात, माझ्याच भातावर वाढलेली पोर. मला राग आला.

"त्याला कोण सांगाय गेलंय घनसाळ म्हणून?" मी ओरडले. "त्यो दगडाचा. आजऱ्याला गेलाय का कधी? तू सांगितलं न्हाईस तर त्याला कळनार न्हाय. जेव गुमान!"

तिनं मान हलवली आणि ती जेवली. ताट चाटून पुसून स्वच्छ केलं. त्या दिवशी ती शांत झोपली. मी पलंगावर बसून तिचा श्वास ऐकत होते आणि बाहेर पावसाचा जोर कमी झाला होता.

पेपर तिनं दिला. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं, नाल्याच्या झाकणापर्यंत, आणि तिथून माघारी फिरलं. लोक म्हणाले, धरणाचे दरवाजे बंद झाले. झाले असतील. रस्ते मोकळे झाले आणि सम्राट घनसाळचं पोतं खांद्यावर घेऊन घरी आला, त्याच दिवशी निशीचा पेपर मिळाला.

एक मार्क गेला होता. वीसपैकी एकच, पण कुठला? 'आजरा तालुक्यात पिकणाऱ्या सुवासिक तांदळाचे नाव लिहा.' माझ्या लेकीनं तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, बासमती. खाली बाईंची लाल फुली होती.

"अगं, रोज खातीस की गं त्यो भात!" मी कडाडले. "पाच नद्या आल्या, धरान आलं, आनि पोटातला तांदूळ आठवंना?"

सम्राट हसायला लागला. "मी आजऱ्यासनं पोतं वाहून आनायचं आनि पोरीनं देहरादूनच्या तांदळाचं नाव करायचं, व्हय?"

निशी हसली नाही, रडलीही नाही. दाराबाहेर कोणी आहे का ते तिनं बघून घेतलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजली, "मला येत होतं, मम्मी. पन तूच म्हनालीस न्हवं, सांगायचं न्हाय म्हनून. लिहिलो असतो तर त्याला कळलं असतं."

आठ वर्षांच्या पोरीनं बाकावर बसून, येत असलेलं उत्तर गिळलं होतं. गिरणीसाठी, गल्लीसाठी, बाळाबाईंसाठी. माझ्यासाठी. मी तिला जवळ ओढली आणि तिच्या केसांतलं पीठ झटकत राहिले. सम्राट विचारत होता, काय झालं, काय झालं. त्याला काय सांगणार?

संध्याकाळी नव्या पोत्यातला भात टाकला. घनसाळचं तुम्हाला माहीत असेल, शिजायला लागला की लपत नाही. वास आधी घरभर झाला, मग जिन्यावर गेला. निशी पाटावरून उठली आणि रंकाळ्याच्या बाजूची खिडकी तिनं हळूच लावून घेतली.

"उकडायलंय की गं, उघड ती," सम्राट म्हणाला.

ती माझ्याकडं बघत होती. मी पातेलं खाली ठेवलं, उठले आणि दुसरी खिडकी लावली.