मोराची पिसं

करिष्माची गोष्ट संपली, तरी कुणी टाळी वाजवली नाही.

खंडेनवमीसाठी चाकणच्या त्या शेडमधली सारी यंत्रं थांबलेली होती. झेंडूच्या माळा ल्यालेल्या प्रेस मशीनभोवती कामगार बायकापोरांसह दाटीने बसले होते. पूजेआधी मुलांनी काहीतरी म्हणून दाखवायचं, ही इथली रीत. कावळ्याने मोराची पिसं खोवली, मोरांत जाऊन मिरवला आणि मोरांनी ती उपटून त्याला हाकलून दिलं, हे सगळं पोरीने हातवारे करून सांगितलं होतं. शेवटचं तात्पर्यही, बापाने आठवडाभर घोकवून घेतलेलं: उसन्या पिसांनी कावळा मोर होत नाही.

कावळा कोण, हे तिथे एकट्या करिष्मालाच ठाऊक नव्हतं.

तिच्या बापाने, सयाजीने, मान वर केली नाही. सर्वांत जुना कामगार म्हणून मशीनपुढचा नारळ इतकी वर्षं तो फोडत आला होता. यंदा मालकांनी तो ज्योतीरामच्या हाती दिला, कारण ज्योतीराम सुपरवायझर झाला होता. याच मशीनवर सयाजीने त्याला हाताला धरून शिकवलं होतं. त्याच्या अंगावरचा सुपरवायझरचा पांढरा शर्ट पहिल्यांदा दिसला, तेव्हापासून तो सयाजीच्या डोळ्यांत खुपत होता.

नारळ घेऊन ज्योतीराम उठला.

"लई भारी सांगितलीस गं, बाळा." मग तो सयाजीकडे वळला. "भाऊ, दापोडीच्या खोलीत एकत्र राहायचो, तेव्हा तुम्ही मला ससा-कासवाची सांगायचात. मशीनवर माझा हात चालायचा नाही, रडू यायचं, म्हणून. ही कधी सांगितली नाही."

"तवा तू कासव होतास," सयाजीच्या तोंडून निसटलं.

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

ज्योतीरामने नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला.

"तुम्हीच फोडा."

सयाजीला नको म्हणायचं होतं. बोटं मात्र नारळाभोवती आवळली गेली. एका घावात दोन भकलं झाली, मशीनच्या पायाशी पाणी सांडलं, आणि आता टाळ्या वाजल्या. त्याने मोठं भकल बाजूला काढलं. दापोडीत एका ताटात जेवताना भाकरीचा मोठा तुकडा तो असाच ज्योतीरामपुढे सरकवायचा.

"पप्पा," करिष्माने त्याची बाही ओढली, "ती उपटलेली पिसं मग कुणी घेतली? तुम्ही ते सांगितलंच नाही."

सयाजीची नजर गर्दीत भिरभिरली. पूजेसाठी काढून ठेवलेले बूट ज्योतीराम दारापाशी चढवत होता.

"ज्योत्या!" भकल पुढे धरून त्याने हाक मारली. "जेवायला थांबतोस नव्हं?"

ज्योतीरामने खाली वाकून नाडी घट्ट बांधली. सरळ झाला, शर्टावर चिकटलेली झेंडूची पाकळी झटकली आणि बाहेरच्या उन्हात चालू लागला.