नववा शुक्रवार

जाळीला कपाळ टेकवून मेकॅनिकने आवाज आणखी खाली आणला. मागच्या बाकावर कन्फेशनसाठी थांबलेल्या दोन म्हाताऱ्यांचे कान भलते तिखट होते.

"फादर, काल मी एक लिफ्ट न बघताच तपासली म्हणून सही केली."

"का?"

"मिस्सा चुकली असती. नववा पहिला शुक्रवार होता."

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, असे ओळीने नऊ महिने, मिस्सेला जाऊन ख्रिस्तप्रसाद घ्यायचा. मग मरणाच्या वेळी देव हात सोडत नाही. आईची ही श्रद्धा मेकॅनिकने जिवापाड सांभाळली होती. एक शुक्रवार हुकला की पुन्हा एकपासून सुरुवात. दोनदा तसं झालंही होतं. या खेपेला आठ पार पडले आणि नवव्याला नेमकी ती सात मजली इमारत आडवी आली.

"गच्चीवरच्या खोलीत जाऊन दोर बघायचा, ब्रेक बघायचा. अर्धा तास जातो, फादर. ही इमारत याच महिन्यात माझ्याकडे आलीय. आधी उस्तादांकडे होती. म्हटलं, मागच्याच महिन्यात त्यांनी बघितली असणार. एका महिन्यात काय होतंय?"

"लिफ्ट चालू आहे?"

"हो."

"मग इथे काय करतोयस?" फादर म्हणाले. मग जरा निवळून, "एक रोझरी म्हण. आणि आजच्या आज जाऊन बघून ये."

त्याने गुडघे टेकून रोझरी म्हटली. एकही मणी चुकवला नाही, घाई केली नाही. उठला तेव्हा छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटत होतं. आता सगळं मिटलं. तो घरी आला, पोटभर जेवला आणि मेल्यासारखा झोपला. फादरांचं 'आजच्या आज' तेवढं चर्चमध्येच राहून गेलं.

रविवारी मिस्सा चालू असताना त्याला ते आठवलं. पण रविवारी काम करायचं नाही ही तर देवाचीच आज्ञा. एरवी रविवारीच घरातले नळ आणि पंखे दुरुस्त करणाऱ्या या माणसाला त्या आज्ञेचा अचानक फार उमाळा आला. खरं कारण वेगळं होतं. वर काही बिघाड सापडला तर लिफ्ट बंद करावी लागणार, ऑफिसला कळवावं लागणार, आणि शुक्रवारची सही कशी केली हेही सांगावं लागणार. खोट्या सहीला ऑफिसात एकच शिक्षा होती. नोकरी जाणार होती.

संध्याकाळी बायको चपला घालताना म्हणाली, "अहो, येताय ना रोझरीला? शिवणकामवाल्या बाईंकडे आहे. पाय मोडून पडल्यात बिचाऱ्या. उस्तादही येणारेत, वहिनींना घेऊन."

उस्तादांनी त्याला काम शिकवलं होतं. मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणूनही तेच उभे राहिले होते. त्यांच्या शब्दापुढे या घरात कुणाचा शब्द नव्हता.

"कुठे राहतात त्या बाई?"

"बाजारामागची सात मजली नाही का? सहाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणून बरं."

जिन्याने जा, असं सांगायला त्याने तोंड उघडलं. पण का, ते विचारल्याशिवाय ती राहिली नसती.

"तू हो पुढे," तो म्हणाला.

ती गेली. तो खुर्चीत बसून राहिला आणि स्वतःचीच त्याला शिसारी आली. दहा मिनिटांनी किल्ल्यांचा जुडगा घेऊन तो जवळजवळ धावतच निघाला.

वॉचमनने उठून सलाम केला.

"साहेब, रविवारी कसे काय? बरं झालं पण. कालपासून चौथ्या मजल्यावर हिसका देतेय. मी तक्रार करणार होतो, पण लिफ्टमधल्या तपासणीच्या कार्डावर तुमची सही बघितली. म्हटलं, ठीकच असेल."

"कुणालाही आत सोडू नका," एवढं म्हणून तो जिना चढू लागला. लिफ्टचा मेन स्विचही त्या वरच्या खोलीतच होता.

सहाव्या मजल्यावर दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता. आतून नमो मरियाचा एकसुरी गलबला येत होता. त्यात बायकोचा आवाज त्याने लगेच ओळखला. प्रार्थना शेवटाकडे आली होती. तो न थांबता गच्चीवर गेला.

खोलीच्या कुलपात किल्ली शिरेना. त्याने वाकून बघितलं. कुलूप, कडी आणि दाराची फट यांच्यावरून भिंतीचाच पिवळा रंग सलग फिरला होता. रंग उन्हाने फुगला होता, पोपडे धरू लागला होता, पण फटीपाशी तो कुठे तुटला नव्हता. इमारतीला रंग देऊन तीन वर्षं तरी झाली असावीत. या तीन वर्षांत हे दार कुणी उघडलंच नव्हतं. कार्डावर मात्र दर महिन्याला उस्तादांची सही होती.

दारामागे मोटर गुरगुरली. कुणीतरी लिफ्ट बोलावली होती.

तो तीन-तीन पायऱ्या गाळत उतरला. सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. उस्ताद बाहेर उभे राहून बटण दाबून धरत होते. आत त्यांची बायको, मेकॅनिकची बायको आणि आणखी दोघी दाटीवाटीने उभ्या होत्या.

"बाहेर या! सगळ्या आधी बाहेर या!"

"अहो, झालं काय?" त्याची बायको म्हणाली.

वीज जाणार आहे, असं सांगता आलं असतं. ते ओठांवर आलंही होतं.

"मी ही लिफ्ट तपासलेली नाही," तो म्हणाला. "शुक्रवारी खोटी सही केली."

बायका एकेक करून बाहेर आल्या. त्याची बायको सगळ्यांत शेवटी आली. त्याच्याकडे न बघता तिने त्या दोघींपैकी एकीचा हात धरला आणि कठड्याच्या आधाराने जिना उतरायला लागली.

उस्तादांचं बोट अजून बटणावरच होतं.

"वर जाऊन आलास?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

ते रिकाम्या लिफ्टकडे बघत राहिले.

"नाही ना उघडलं ते कुलूप?"

त्यांची बायको दोन पायऱ्या उतरून थांबली होती. तिने वळून विचारलं, "कसलं हो कुलूप?"