खुणेचा रकाना

इरफान मुलाणी वाईट मुलगा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. त्याचे वडील मौलालीभाई भोरच्या पेठेत शिलाई मशीन घेऊन बसत, आणि पोरगा बी.कॉम. होऊन नोकरीसाठी वणवण फिरतो म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याजवळ हळहळत. मग २००३ साली पुण्याच्या एका संस्थेनं भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्या माणसांची यादी करायचं काम काढलं. इरफानला ते काम मिळालं आणि कामाबरोबर डबी मिळाली.

डबी म्हणजे तळहातावर मावणारं एक यंत्र. त्याला बटणं चारच. बाकी सगळं काचेवर काडीनं लिहायचं. मराठी त्याला कळत नसे, म्हणून मराठी नावं इंग्रजी अक्षरांत लिहावी लागत, तीही यंत्राला हव्या त्या वळणानं. इरफाननं ते वळण चार दिवसांत बसवलं. गावात गेला की पारावर बसायचा, खिशातून काडी अशी काही ऐटीत काढायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा आता ऑपरेशनच करतो इथं.

आणि खरी गंमत पुढं होती. शिवऱ्याची अंजुम त्याच कामावर होती, तिच्याकडं वेल्ह्याची बाजू, पार पासलीपर्यंत. आठवड्याला ती सगळी यादी पुण्याला नेऊन तिथल्या कॉम्प्युटरमध्ये भरायची. म्हणून दर शुक्रवारी इरफान आपली यादी तिला द्यायचा, ती कशी, तर भोरच्या एस.टी. स्टँडवर दोन डब्या समोरासमोर धरून. मधे वायर नाही, काही नाही. डब्यांची तोंडं वीतभर अंतरावर एकमेकींकडं करायची, हात हलू द्यायचा नाही, आणि वर ऊन पडू द्यायचं नाही. अंजुम ओढणीची सावली धरायची. डबी विचारायची, घ्यायचं का? अंजुम हो म्हणायची, आणि इरफाननं आठवडाभर तंगड्या तोडून गोळा केलेली माणसं दोन मिनिटांत तिकडं जायची. स्टँडवरचे लोक तोंडात बोटं घालून बघायचे. इरफानला ते फार आवडायचं.

डबीत प्रत्येक माणसाला चार रकाने होते. नाव, गाव, डोळा आणि खूण. खूण म्हणजे घराची. देवळामागं, निळं दार, असं काहीतरी, म्हणजे न्यायला येणारी गाडी चुकू नये. बाकीच्या गावांत ते जमलं. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला उंबराची वाडी आहे, तिथं पंचाईत झाली. चौदा घरं, चौदाही दगडमातीची, चौदांवर पत्रा, आणि चौदाही पारठ्यांची. त्यात मोतीबिंदूवाल्या रतनबाई दोन. दोघींच्या नवऱ्यांचं नाव सावळाराम. दोघींच्या घरांच्या मधे एक गोठा.

इरफाननं कोंडिबाला विचारलं. कोंडिबा वाडीचा जाणता माणूस. गाडीला माणसं गोळा करून देणं, कागदाला अंगठे मिळवून देणं, सगळं त्याच्याकडं.

"कोंडिबाकाका, ह्या दोघी ओळखायच्या कशा?"

कोंडिबानं इकडंतिकडं बघितलं. "तोंडावर म्हनायचं न्हाई बरं का. ती लांबडी. आन ही पल्याडची, तिला पांढऱ्या पायाची म्हनत्यात."

ज्या गावात सगळ्यांचं आडनाव एक असतं, तिथं माणसाला पाठीमागचं एक नाव असतंच. ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि ज्याचं आहे त्याच्यासमोर कुणी उच्चारत नाही. गाव त्याच्यावर चालतं. ही पल्याडची रतनबाई लग्न होऊन आली त्या महिन्यात सासरा गेला, पुढच्या वर्षी बैल कड्यावरनं पडला, तिसऱ्या वर्षी नवरा मुंबईच्या गोदीत मेला. तेव्हापासून ती कुणाच्या लग्नाला गेली नव्हती, बारशाला गेली नव्हती. कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. बोलावलंही नव्हतं.

इरफाननं काडीनं लिहिलं. एका रतनबाईपुढं लांबडी, दुसरीपुढं पांढऱ्या पायाची. नंतर पुसू, असं त्याच्या मनात होतं. नंतर त्याला आठवलंच नाही.

हे त्यानं कुठं बसून लिहिलं, तर रतनबाईच्याच ओट्यावर. तिनं दिलेली नाचणीची भाकरी अजून त्याच्या मांडीवर होती.

दोन वर्षं तो वाडीला यायचा, कधी कुठल्या यादीसाठी, कधी कुठल्या, आणि दर वेळी हिर्डोशीला उतरून तासभर चढून आला की जेवायचा तिच्याकडं. ती त्याला लेका म्हणायची. एका डोळ्यानं तिला काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्यानं उजेड तेवढा. तांदळातले खडे बोटांनी चाचपून काढायची. ऑपरेशनला ती तयारच होईना.

"चार मान्सांत मी न्हाई जात, लेका. तुला ठावं न्हाई."

"मावशी, भोरला तुला कोण ओळखतंय? तिथं तू नुसती रतनबाई," इरफान म्हणाला होता. हे वाक्य त्याला पुढं फार महाग पडलं. ते ऐकूनच ती तयार झाली.

शिबिर भोरला एका दवाखान्यात होतं. कोंडिबा दोन्ही रतनबाईंना घेऊन आला. पुण्याहून प्रत्येकाच्या नावाची छापील चिठ्ठी आली होती, ती छातीला टाचणीनं लावायची. इंग्रजी अक्षरांत चार ओळी. कॉम्प्युटरवाल्यानं चारही रकाने जसेच्या तसे छापले होते. रतनबाईनं धुतलेलं लुगडं नेसलं होतं, आणि चिठ्ठी सरळ लागली आहे ना, हे बोटांनी दोनदा तपासलं. इरफान तेव्हा दारात चहा पीत होता. चिठ्ठी त्यानं वाचली नाही. वाचली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती.

आतली सिस्टर केरळची. फार प्रेमळ बाई, मराठी मात्र कामापुरती. तिनं यादीतनं हाक मारली, "रतनबाई सावळाराम पारठे!"

दोघी उठल्या.

सिस्टरनं एकीला हातानं थांबवलं, दुसरीच्या छातीवरची चिठ्ठी जवळ जाऊन बघितली, यादीशी ताडली, आणि पुन्हा मोठ्यानं, अक्षर न् अक्षर नीट लावत वाचलं, "रतनबाई सावळाराम पारठे, पांढऱ्या पायाची!"

साठएक माणसं बाकांवर होती. एकजण हसला. बाकीचे गप्प झाले, ते हसण्यापेक्षा वाईट होतं. बाकावर शेजारी पासलीची ठकुबाई बसली होती, पुढचा नंबर तिचा. ती जरा सरकली आणि सिस्टरला म्हणाली, "बाई, माजा डोळा हिच्या मागनं नगं. आदी घ्या न्हाईतर उद्या घ्या."

सिस्टरला काही कळेना. ती हसून रतनबाईचा हात धरायला गेली. रतनबाईनं टाचणी काढली, चिठ्ठी बाकावर ठेवली आणि भिंत चाचपत बाहेर निघाली.

इरफानच्या हातातला चहा तसाच राहिला. आपण काय केलं ते त्याला एका क्षणात कळलं. लाजेनं त्याचे कान तापले. तरी तो सिस्टरकडं गेला नाही, ठकुबाईला काही बोलला नाही. रतनबाईच्या मागं मात्र गेला.

स्टँडवर ती हिर्डोशीच्या गाडीची वाट बघत बसली होती. त्याच्या पावलांवरनं तिनं त्याला ओळखलं.

"बघितलंस, लेका? कोंडिबानं सांगितलं त्या बाईला. ती दुसरी रतन माज्यापासनं हलली न्हाई, मंग त्याच्याबिगर हितं वाडीतलं हाय कोन?"

आता बोलायचं होतं. तोंड उघडायचं आणि दोन शब्द टाकायचे, काही अवघड नव्हतं. इरफाननं तोंड उघडलं.

"असंल, मावशी," तो म्हणाला.

गाडी आली. तिला चढवून दिलं, तिकिटाचे पैसे मात्र तिनं त्याला देऊ दिले नाहीत. गाडी वळणाआड गेल्यावर तो बाकावर बसला आणि डबी काढून ती नोंद उघडली. पुसायला एक क्षण लागला. काडी टेकवली, रकाना कोरा.

त्या शुक्रवारी त्यानं अंजुमलाही ते पुसायला सांगितलं. तिनं आपल्या डबीत ती ओळ उघडून वाचली.

"हे तुमी लिहिलं, इरफानभाई?"

"ओळखायला लिहिलं होतं. दोघी सारख्याच नावाच्या..."

अंजुमनं ते पुसून टाकलं. त्या दिवशी डब्या समोर धरल्या तेव्हा तिनं ओढणीची सावली धरली नाही. उन्हामुळं यादी तीनदा अडकली.

दोन महिने गेले. इरफान उंबराच्या वाडीला फिरकला नाही. कारणं त्याच्याकडं पुष्कळ होती आणि ती सगळी खोटी होती. मग मार्गशीर्षात पुण्याहून नवी यादी निघाली, ज्यांचं ऑपरेशन राहिलं त्यांची. अंजुम ती डबीत भरून घेऊन आली. तो शिवऱ्याला गेला, हायवेच्या कडेला रसवंतीच्या बंद शेडमध्ये दोघांनी डब्या समोरासमोर धरल्या. त्याच्या डबीनं विचारलं, घ्यायचं का? त्यानं हो म्हटलं.

यादीत तेविसावं नाव रतनबाई सावळाराम पारठे. ऑपरेशन झालं नाही. आणि खाली खुणेचा रकाना भरलेला, पूर्वी होता तसाच. अंजुमकडनं पुसलं होतं, त्याच्याकडनं पुसलं होतं. पुण्याच्या कॉम्प्युटरातनं ते फिरून त्याच्याच हातात आलं होतं.

"पुण्याला कळवायला पाहिजे होतं तुमी," अंजुम म्हणाली.

पुण्याला कळवायचं म्हणजे काय लिहिलं आणि कुणी लिहिलं, हे सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या गाडीनं हिर्डोशीला उतरला. चढणीवर कोंडिबा भेटला, डोक्यावर गवताचा भारा.

"आलास व्हय? बरं झालं. अरं, ती रतनबाई दोन म्हैनं झालं माज्याशी बोलत न्हाई. मी पानी आनून देत हुतो तिला, ते बी बंद केलं. आंधळी बाई हंडा घिऊन झऱ्यावर जाती, दोनदा पडली. म्या काय केलं, तुला कायी म्हायती हाय का?"

इरफानला वाटलं, ह्या भाऱ्याखाली आपणच चिरडून जावं. "काका, मी येतो बोलून," एवढंच म्हणून तो पुढं चालायला लागला.

रतनबाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. कोपराला जुनं फडकं बांधलेलं. "इरफान न्हवं का? किती दिसांनी. बस लेका, भाकरी टाकते."

"मावशी, भाकरी नको. आधी ऐक." तो उभाच राहिला. "ते कोंडिबाकाकांनी नाही सांगितलं त्या सिस्टरला. मी लिहिलं होतं. माझ्या डबीत. काकांनी मला सांगितलं, मी विचारलं म्हणून. पण लिहिलं मी, ह्याच ओट्यावर बसून. ते तिकडं छापून आलं. आणि स्टँडवर तू म्हणालीस तेव्हा मी 'असंल' म्हणालो."

सूप थांबलं. अंगणात दाणे टिपायला कोंबडी आली, ती सुपाशी येऊन परत गेली.

"मंग आता पुसलंस का ते?"

"माझ्यातलं पुसलं. दुसऱ्या यंत्रातलं पुसलं. पुण्याहनं परत आलं."

रतनबाई हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "येतंच ते. चाळीस वरसं झाली, म्या बी पुसतीया."

इरफानचे डोळे भरले. तो खाली बसला. माफ कर म्हणावं, तर ते शब्द फार हलके वाटले, म्हणून तेही त्यानं म्हटले नाहीत.

"तुला बी गावानं नाव पाडलंय, लेका," ती सूप हलवत म्हणाली. "पयल्या म्हैन्यातच. हितंच, ह्याच वट्यावर बसून म्हनत्यात, तू खाली उतरून गेलास की. म्या कदी तुज्या कानावर येऊ दिलं न्हाई."

इरफाननं तिच्याकडं बघितलं. काय नाव, हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला. दोन वर्षं ह्या वाडीत हसून स्वागत करणारा एकेक चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून गेला. मग त्याला कळलं की हे विचारायचा हक्क आपल्याला उरलेला नाही.

"म्होरलं शिबिर कवा हाय?" तिनं विचारलं.

"पंधरा तारखेला, वेल्ह्याला. मी येतो न्यायला. पुण्याला आजच फोन करून सगळं सांगतो, नवी चिठ्ठी मी स्वतः..."

"तू नगं येऊस. कोंडिबा न्हेईल." तिनं सूप खाली ठेवलं आणि भिंतीला धरून उठली. "भाकरी टाकते, खाऊन जा. आन जाताना त्येला हाक मारून जा. का मारली, ते बी तूच सांग त्येला."

भाकरी तिनं नेहमीसारखीच वाढली, वर लसणीची चटणी. इरफाननं ती पूर्ण खाल्ली, कारण टाकायची हिंमत नव्हती. मग चपला घालून तो अंगणाच्या कडेला गेला. खाली कोंडिबा गवत उतरवत होता. इरफाननं हाक मारली, ती इतकी हळू की खाली पोचलीच नाही. त्यानं दुसऱ्यांदा मारली.