दसऱ्याचं गाऱ्हाणं

गेल्या वर्षी दसऱ्याला माझ्या नवऱ्याने देवापुढचं गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडलं आणि धोतर सावरत देवळामागच्या संडासाकडे धाव घेतली. सगळ्या गावासमोर. तेव्हापासून घरी कुणीही आलं, की चहाच्या आधी यांच्या पोटाची चौकशी.

आमच्याकडे दसऱ्याला रवळनाथापुढे एक माणूस उभा राहतो आणि गावाच्या वतीने देवाशी बोलतो. कुणाच्या मुलीचं जमू दे, कुणाची होडी सुखरूप येऊ दे. प्रत्येक मागण्याला मागे उभं असलेलं गाव 'होय महाराजा' म्हणून साथ देतं. बोलायचा मान आमच्या घराचा. आधी सासरे गाऱ्हाणं घालायचे, मग हे, जयराम. शाळेत मास्तर, वर्गात मुलांवरसुद्धा आवाज न चढवणारे. पण देवापुढे उभे राहिले की छातीतून असा आवाज निघायचा, की लग्नानंतर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी खरोखर त्यांच्या प्रेमात पडले. त्याआधी नुसतंच लग्न झालं होतं.

पोटाचं दुखणं जुनं. कधी कळ येऊन जुलाब, कधी चार दिवस काहीच नाही, नुसतं फुगलेलं पोट. सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, दुर्बीण घालून झाली. सगळं नॉर्मल. आणि नॉर्मल म्हटल्यावर आमच्या लोकांना वाटतं, माणूस सोंग करतोय नाहीतर बाहेरचं काही लागलंय. मला तर एकेकाला धरून बदडावंसं वाटायचं. शेवटी ओरोसला एक डॉक्टरीण भेटली, तिने नीट बसवून सांगितलं. आतड्याला जखम नाही, पण ते हळवं झालंय. मेंदूचं आणि त्याचं सारखं बोलणं चालू असतं. मनाला धास्ती बसली की पोट ढवळतं, पोट ढवळलं की धास्ती वाढते. "पुरतं बरं होईल असं मी सांगणार नाही," ती म्हणाली, "पण सांभाळता येईल."

मग आम्ही वर्षभर सांभाळलं. काय सोसत नाही ते एकेक करून शोधलं. दूध सुटलं, कांदा सुटला, फणसाचे गरे सुटले. मालवणी घरात कांद्याशिवाय खोबऱ्याचं वाटप वाटायचं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. थोडं थोडं जेवायचं, वेळेवर जेवायचं, संध्याकाळी खाडीपर्यंत चालायचं, श्वास मोजत बसायचं. वाईट दिवस गेले नाहीत, पण कमी झाले. आणि एवढं सगळं कशासाठी, तर दसऱ्याला एकदा, फक्त एकदा, गाऱ्हाणं शेवटापर्यंत घालता यावं म्हणून. "एकदा पुरा झाला ना विनीता, मगे भीतीच जातली," हे म्हणायचे.

दसऱ्याच्या सकाळी नुसती पेज घेतली, डॉक्टरणीची गोळी घेतली. धोतर नेसताना चेहऱ्यावर हसू होतं.

देवळात महादूकाका वाटच पाहत होते. गावातले सगळ्यात वडीलधारे, यांच्यावर पोटच्या मुलासारखा जीव. यांना मिठी मारून म्हणाले, "जयरामा, औंदा सर्वेश घालतलो गाऱ्हाणा. तू फुडे उभो रव. सगळ्यात आधी तुझ्यासाठीच घालूचा आसा. गावान ठरवल्यान."

सर्वेश म्हणजे यांचा चुलतभाऊ. तो खाली मान घालून उभा होता.

"काका, आता माका जमता," हे म्हणाले. "वर्सभर तेचीच तयारी केलंय."

"अरे, तूच सांगलंस मा, डॉक्टरीण म्हणता जीवाक ताण देव नको? मगे हो ताण आमी तुका कित्याक देवचो?"

डॉक्टरणीचं म्हणणं यांनीच काकांना ओटीवर बसवून समजावलं होतं, आणि काकांना ते चांगलं समजलं होतं. मी बायकांत उभी होते. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ओरडू? सगळ्यांच्या डोळ्यांत माया होती.

सर्वेशने सुरुवात केली. "बा देवा महाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या, जयरामाच्या पोटाक जी काय इडापिडा लागली आसात, ती दूर कर महाराजा!"

"होय महाराजा!" गाव गरजलं. पोरंटोरं, सुना, यांचे विद्यार्थी, सगळे. यांच्या आतड्यासाठी. हात जोडून हेही सगळ्यांबरोबर 'होय महाराजा' म्हणाले.

घरी आल्यावर यांनी काळ्या वाटाण्याची उसळ मागितली, पोरांसाठी केलेली, कांद्याची. मी नको म्हटलं.

"वाढ गो. आता खंय उभा रवाचा आसा माका?"

दोनदा मागून जेवले. मी रात्रभर धास्तावून जागी. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी महादूकाका आले. हे ओटीवर बसून चक्क दुधाचा चहा पीत होते. काकांचे डोळे भरून आले. "बघलंस मा, विनीता? देवान आयकल्यान!"

"होय काका," हे म्हणाले. "आता दर वर्सा सर्वेशच घालूंदे."