मस्कतचं तिकीट

मस्कतला मेघाचं बाळंतपण अवघड दिसत होतं. उद्या संध्याकाळी शस्त्रक्रिया ठरली आणि धुळ्यात तिची आई भिकुबाई बॅग भरून बसली. ऐनवेळचं तिकीट आवाक्याबाहेर होतं. मोठी मुलगी सोनल केळी निर्यातीच्या कामानं सतत आखातात जायची, विमानप्रवासावर जमलेल्या तिच्या माइल्सवर फुकट तिकीट मिळेल, यावरच सगळी भिस्त होती. पण खात्यात माइल्स कमी निघाले.

“माझ्या गेल्या दोन फेऱ्यांचे माइल्स कुठे गेले?” सोनलनं विमान कंपनीला फोन लावून विचारलं.

“तिकीट आमचं होतं मॅडम, पण विमान भागीदार कंपनीचं. काउंटरवर तुम्ही त्यांचा सभासद क्रमांक दिलात. माइल्स तिकडे जमा झाले, ते इकडे वळवता येत नाहीत.”

“तिकीट मिळनं का वं?” आईनं विचारलं.

“थांब जरा, माय.”

सोनलनं भागीदार कंपनीचं ॲप उघडलं. घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तिसऱ्यांदा खातं उघडलं, तर जुने धरून तिकिटापुरते माइल्स तिथे होते. पहिल्या कंपनीच्या उद्या सकाळच्या मस्कतच्या विमानाची तिकिटं ही कंपनीही आपल्या नावानं विकत होती, आणि माइल्सवर मिळणारी एकच जागा उरली होती. तिनं आईचं नाव घालून बटण दाबलं.

भिकुबाई पोहोचली तेव्हा मेघाला आत न्यायची तयारी चालली होती. दारापर्यंत तिनं आईचा हात सोडला नाही.