पाटीवरचं बोलणं

जालिंदरनं माईक तोंडाजवळ धरला आणि पडद्यावरची इंग्रजी पाटी मराठीत सांगितली, "मालक विचारतात, घोडा कुठं बांधलास?"

साखर कारखान्याच्या रिकाम्या गोदामात सभासद बारदानावर दाटीनं बसले होते. बहात्तरचा दुष्काळ, ऊस नाही म्हणून गाळप नाही. सभेत आरडाओरडा होऊ नये म्हणून चेअरमन अर्जुनरावांनी बीडहून प्रोजेक्टर मागवला होता. भर दुपारी खिडक्यांना पोती ठोकून, दार बाहेरून लावून अंधार केला होता. सिनेमा अमेरिकेतला, जुना, मुका आणि विनोदी; पात्रांचं बोलणं मधूनमधून पाटीवर लिहून येई. इंग्रजी वाचणारा एकटा जालिंदर: अंबाजोगाईचा बी.ए., बौद्धवाड्यातला पहिला कारकून, अजून कायम न झालेला.

पडद्यावर काळा नोकर आला. वाळत घातलेली चादर भूत समजून त्याचे डोळे बटाट्याएवढे झाले, पाय लटपटले, तो पिठाच्या पिंपात पडला. गोदाम हसून लोळलं.

पुढच्या खुर्चीतून अर्जुनराव वळले.

"जालिंदर, ह्याचा आवाज आपल्या सटवावानी काढ की. लई मजा येईल."

गोदाम झाडणारा म्हातारा सटवा मागं भिंतीला टेकून बसला होता. जालिंदरच्याच गल्लीतला. जालिंदरनं बंद दाराकडं पाहिलं. मग घसा खाकरून त्यानं सटवाचा कापरा सूर काढला, "जी मालक, चुकलं मालक." हशा दुप्पट झाला. सटवाही हसला; सगळ्यांच्या आधी थांबला.

पाटीवर नोकराची इंग्रजी मुद्दाम मोडकी लिहिली होती, हे जालिंदरच्या आत्ता ध्यानात आलं. तेवढ्यात नोकराचा चेहरा पडदाभर झाला आणि बाजूला वळला. कानामागं काजळ लावायचं राहिलं होतं. तिथली कातडी गोरीपान.

"हा काळा न्हाई," त्याच्या तोंडून निघून गेलं. "गोऱ्या माणसानं काजळ फासलंय."

हसू विरलं. मागून सटवा बोलला. आवाज अजिबात कापत नव्हता.

"मग खरा कुटं हाय, बाबा?"

जालिंदरनं पडद्याचे चारी कोपरे धुंडाळले.

"दिसत न्हाई, काका. त्याला घेतलंच न्हाई."

"पुढं वाच," अर्जुनराव म्हणाले.

नवी पाटी आली. नोकर मालकाच्या पायाशी गयावया करत होता. जालिंदर या खेपेला स्वतःच्या आवाजात, सावकाश बोलला, "मालक, मला भीती वाटते. तुम्ही हसा हवं तर. पण मला जाऊ द्या."

कुणी हसलं नाही.

अर्जुनरावांनी मान न वळवता विचारलं, "असं लिहिलंय का बे तिथं?"

"न्हाई, साहेब. खरा असता तर असं बोलला असता."

पुढची पाटी येऊन गेली. त्याच्या पुढचीही. वाच म्हणून कुणी सांगितलं नाही, माईक खाली ठेव म्हणूनही नाही. जालिंदर तसाच उभा राहिला.